सतरंजीवरचा पाचवा मजला

अजीजाबी मन्यारणीच्या नादी लागू नका, असं मुरुममध्ये कुणी कुणाला सांगत नाही. सांगून उपयोग नाही. निम्म्या बायका आठवडी बाजाराला येतात त्या तिच्याच नादानं. भाजी काय, दारावर गाडीवाल्याकडंही मिळते.

बाजाराच्या दिवशी पेठेच्या तोंडाशी, कायम बंद असलेल्या एका दुकानाच्या पायरीपुढं ती सतरंजी अंथरते. मध्ये बांगड्यांची पत्र्याची पेटी, पेटीच्या अलीकडं ती, पलीकडं बायका. वय एकसष्ट, अंग काटक, दोन्ही अंगठ्यांवर काचेच्या बारीक पांढऱ्या रेघा. परंड्याची लेक, मुरुमची सून. तिचे अब्बाही मन्यारच. माल आणायला कुर्डुवाडीला जायचे ते टॉकीजला एखादा विनोदी पिक्चर बघूनच परतायचे, आणि मग आठवडाभर बांगड्या भरता भरता तो पिक्चर परंड्याच्या बायकांना सांगायचे. नटीच्या आवाजात, मारामारीसकट. लहानपणी अजीजाला वाटायचं, अब्बांना पिक्चरचं वेड आहे. स्वतः पेटी घेऊन बसली तेव्हा कळलं की वेड होतंच, पण धंदाही होता.

काचेची बांगडी भरायची तर हात दाबावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं एकमेकांवर चढवायची आणि हाडावरून बांगडी पुढं सरकवायची. बाई भ्याली की हात ताठ होतो, ताठ हातावर काच तडकते, रक्त येतं. "हात ढिला सोडा" असं सांगून आजवर कुणाचा हात ढिला पडलेला नाही. हसवलं की पडतो. बाई खळखळून हसली की तिचं हसू संपायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असते.

पण नुसत्या हातासाठी कुणी टीव्हीवरच्या एवढ्या शिरेली बघत नाही. अजीजाबीचं खरं कारण वेगळं. मन्यारीण परक्या घरात शिरते ती थेट स्वैपाकघरापर्यंत. हात हातात घेऊन बसलं की बाई बोलते. न बोलली तर हात बोलतो. कुणाची सून माहेरी का राहिली, कुणाच्या दंडावर काळंनिळं कशाचं, हे तिला न विचारता कळतं. आणि पुढच्या घरी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय नवीन, अजीजाबी?" तिच्या सासूनं पेटी हवाली करताना एकच गोष्ट बजावली होती, एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. ज्या दिवशी नेशील त्या दिवशी सगळी दारं बंद. आता 'काय नवीन' विचारणाऱ्या बाईला 'काही नाही' म्हणावं तर तीही हिरमुसते. मग अजीजाबीनं टीव्ही धरला. टीव्हीतल्या माणसांचं कितीही इकडून तिकडं नेलं तरी कुणाची अब्रू जात नाही.

गेली तीन वर्षं चाललंय ते 'पाचवा मजला, लिफ्ट बंद'. शहरातली पाच मजली इमारत, पहिल्या भागात तिची लिफ्ट बंद पडली ती अजून दुरुस्त झालेली नाही, एवढीच गोष्ट. सतरंजीवरच्या बायकांपैकी लिफ्टमध्ये बसलेल्या चार, त्याही सोलापूरच्या दवाखान्यात, आजारी माणसाबरोबर. तरी पाचव्या मजल्यावरच्या नलूमावशीचे गुडघे धरले की मुरुममध्ये हळहळ होते. त्यात विजेचा खेळ. पेठेकडची लाईन गेली की बसस्टँडकडची असते, ती गेली की पेठेकडची येते. अर्ध्या गावानं भागाचा पुढचा अर्धा बघितलेला, उरलेल्यांनी मागचा. ते दोन्ही अर्धे जोडायचं काम बाजाराच्या दिवशी सतरंजीवर होतं. मोबाईलवर सगळं दिसतं, हे खरं. पण मोबाईलवर बघून आलेल्या एखादीनं शेवट आधीच फोडला, तर अजीजाबी तिच्या हातात बांगडी भरताना मुद्दाम वेळ लावते.

"आता लिफ्ट दुरुस्त करायला पायजे बाई त्यांनी," एखादी म्हणायची. "नलूमावशीचे हाल बघवत न्हाईत."

"दुरुस्त झाली की शिरेल संपली," गंगम्मा म्हणायची. गंगम्मा अंगणवाडीतून निवृत्त झालेली, सतरंजीवरची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. "मग आपण काय बाजारात येऊन नुसती वांगी घ्यायची?"

"आन् तो वॉचमन खंडागळे कामाला लागला तर?"

"तो मेला तरी कामाला लागायचा न्हाय. आमच्या घरी बी एक हाय तसला. पगार तेवढा त्याला मिळत न्हाय."

बोलणं हे असं. नलूमावशी, तिची सून केतकी, वॉचमन खंडागळे. कुणी 'शिरेलीतली नलूमावशी' म्हणत बसत नाही. आपल्या मावशीला कुणी 'नात्यातली मावशी' म्हणतं का? पुढं जे रामायण झालं ते या सवयीनं.

झालं असं की एका भागात नलूमावशीनं फ्रीजला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली. सून दूध संपवते, असा तिचा संशय. मग ती किल्ली कणकेत पडली, कणकेबरोबर मळली गेली, चपातीत लाटली गेली आणि वॉचमन खंडागळ्याच्या ताटात गेली. त्यानं घास घेतला, दात कटकन वाजला, तोंडातून किल्ली निघाली आणि तो ओरडत सुटला, "लिफ्टची किल्ली सापडली!" सगळी इमारत खाली धावली.

शब्बीरभाई, अजीजाबीचे मालक, हसता हसता खाटेवरून घसरले. अजीजाबी हसली नाही.

कारण मुरुममध्ये फ्रीजला कुलूप असलेलं एक घर होतं आणि ते तिला माहीत होतं. आडतवाल्या शिवप्पांचं घर. त्यांच्या बायकोच्या, राजेश्वरीबाईंच्या कमरेला ती बारीक पितळी किल्ली अजीजाबीनं कितीदा बघितली होती. कारणही ठाऊक होतं. शिवप्पांना साखर झालेली. माणूस मानी, चारचौघांत कबूल करायचा नाही, आणि घरात कुणी नसलं की फ्रीज उघडून पेढे खायचा. राजेश्वरीबाईंनी कुलूप लावलं ते नवऱ्यासाठी. पण बाहेर कळलं असतं तर गावानं काय म्हटलं असतं? सुनेला दूध-तुपाला महाग केलं, हेच.

एक अख्खा दिवस अजीजाबीनं विचार केला. हा भाग गाळावा का? मग तिच्या लक्षात आलं, गाळला तर तेच सांगितल्यासारखं होतं. सगळ्या गावानं बघितलेला भाग अजीजाबी का गाळते, असं विचारणारी एक तरी निघेलच, आणि मग चौकशी सुरू. टीव्हीतलं टीव्हीतल्यासारखं सांगावं, हेच बरं. बाजाराच्या दिवशी तिनं तो भाग सांगितला. अर्धवट सांगणं तिच्या रक्तात नाही. कमरेला बांगड्यांचा जुडगा खोचून ती सतरंजीवर उभी राहिली आणि नलूमावशीच्या किनऱ्या आवाजात म्हणाली, "दूध कुठं जातंय ते मला कळतंय! किल्ली माझ्या कमरंला हाय, सूनबाई, कमरंला!"

बायका लोळल्या. सगळ्यांत जास्त हसली दीपमाला. ती राजेश्वरीबाईंची सून. बाजाराची पिशवी बाजूला टाकून, डोळ्यांना पदर लावून हसत होती.

नेमक्या त्याच वेळी उमाबाई मेथीची जुडी घेऊन मागून चालल्या होत्या. उमाबाई राजेश्वरीबाईंच्या शेजारीण. त्या टीव्हीवर फक्त प्रवचन बघतात, तेही पहाटे. त्यांनी बघितलं ते एवढंच, मन्यारीण कमरेची किल्ली दाखवतेय, सासूची नक्कल करतेय, आणि आडतवाल्यांची सून पोट धरून हसतेय. मेथी घरी टाकायच्या आधी त्या शेजारच्या घरी गेल्या.

चार दिवसांनी निरोप आला. आणला गंगम्मानं, कारण ती दोन्हीकडची. आडतवाल्यांच्या घरी लग्न निघालं होतं. धाकटी लेक शिवलीला, उमरग्याला बँकेत कामाला. त्या घरचा चुडा मन्यारांच्या याच पेटीतून जायचा, अजीजाबीच्या सासूच्या आधीपासून. चुडा भरून झाला की नवरी मन्यारणीच्या पाया पडते आणि घरची मोठी बाई तिला आपल्या हातानं खण-नारळ देते. जात-धर्म त्या वेळेपुरता उंबऱ्याबाहेर. हा मान.

"राजेश्वरीअक्का म्हणतात," गंगम्मा म्हणाली, "चुड्याला यायचं तर ये. पण सगळ्या बायकांसमोर 'चुकलं' म्हणायचं. आन् ते नकला-फिकला बंद करायचं. न्हायतर लातूरहून चुडा भरणारी बोलवत्यात."

अजीजाबीनं हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. "काय चुकलं?"

"आता मला काय विचारती? मला म्हाईत हाय ते शिरेलीतलं. पण त्यांना कोण सांगणार? त्यांनी बघितलं का कधी?"

"मग त्यांना सांग, बघा."

"अजीजा, दोन शब्द हायत. म्हण आन् मोकळी हो."

शब्बीरभाईही तेच म्हणाले, घरच्या दखनीत. "बोल देना गे. क्या जाता तेरा?"

"मेरा सब जाता," ती म्हणाली. आणि गंगम्माकडं वळून मराठीत, "चुकलं म्हणायला जिभेला काय लागत न्हाय. पण म्या चुकलं म्हटलं की व्हय म्हणणं आलं. व्हय, म्या तुमच्या घरचं बाजारात सांगितलं. मग उद्या मला कुठली बाई चुलीपाशी बसू दील? तूच दिशील का?"

गंगम्मा पदर सावरून उठली. तिच्या घरचंही बरंच अजीजाबीजवळ होतं.

पुढच्या बाजारी सतरंजी पडली, पण बायका निम्म्याच आल्या. दोन घरांनी ठरलेल्या बांगड्या पुढं ढकलल्या. एक म्हणाली, पाहुणे आलेत. दुसरी म्हणाली, हात सुजलाय. हात सुजल्याचं सांगणारी बाई त्याच हातानं दहा किलोची पिशवी नेताना अजीजाबीनं बघितली. राहिलेल्या बायकांना तिनं त्या आठवड्याचा भाग नेहमीपेक्षा वरच्या आवाजात सांगितला, समोरच्या रस्त्यावरच्या रसवंतीपर्यंत ऐकू जाईल असा. गंगम्मानं पदर ओढला. "हळू. आडत इथून पन्नास पावलांवर हाय."

"मोजलीस व्हय पावलं? मग शंभराला पुरंल असं बोलते."

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी दीपमालाचा फोन आला. आवाज दबका. "मावशी, शिवलीला म्हणतीये, चुडा तुमच्याच हातानं. दुसरीला हात देणार नाही म्हणून खोलीत बसलीय. आई काही बोलत नाहीत. तुम्ही या."

"आईंनी बोलवलंय का?"

"नाही म्हणत नाहीत."

"'नाही म्हणत नाहीत' हे बोलावणं कुठल्या गावचं?" अजीजाबी म्हणाली. तरी तिनं पेटी पुसली. नवरीनं बोलावलंय, हात नवरीचा आहे. दुपारी तीनच्या उन्हात ती पेटी डोक्यावर घेऊन निघाली. शब्बीरभाई दारात उभे राहून बघत राहिले. त्यांना माहीत होतं, आता काही सांगण्यात अर्थ नाही.

आडतवाल्यांच्या अंगणात मांडव पडला होता. चटयांवर तीसेक बायका, पाहुण्या, भावकीच्या, शेजारणी. उमाबाई पुढंच. राजेश्वरीबाई ओसरीच्या कडेला उभ्या. उंच, पातळ चापून नेसलेलं, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. अजीजाबीनं पेटी खाली ठेवली.

"चुडा भरायला आले, अक्का," ती म्हणाली. "माफी आणली न्हाय."

चटयांवरच्या माना ओसरीकडं वळल्या.

"मग पेटी उघडू नकोस," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"उघडत न्हाय. आधी बोला. म्या काय केलं?"

"माझ्या घरचं बाजारात मांडलंस. माझी नक्कल केलीस. कमरेला किल्ली लावून नाचलीस. उमाबाईंनी डोळ्यांनी बघितलं."

उमाबाईंनी मान हलवली. "बघितलं की. ही दीपमालासुद्धा हसत होती."

दीपमाला पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं घागर खाली ठेवली. "अहो आई, किती वेळा सांगू, ते टीव्हीवरचं आहे. 'पाचवा मजला'. नलूमावशी म्हणून बाई आहे त्यात, ती फ्रीजला कुलूप लावते—"

"टीव्हीवरचं!" राजेश्वरीबाईंचा आवाज चढला. "तर मग माझ्या फ्रीजचं कुलूप टीव्हीवर गेलंच कसं?"

बोलून गेल्या. तोंडातून सुटलं आणि मांडवाखाली पसरलं. तीस बायकांपैकी ज्या दोघींना ठाऊक होतं त्या खाली बघू लागल्या, आणि ज्या अठ्ठावीस जणींना ठाऊक नव्हतं त्यांचे डोळे राजेश्वरीबाईंच्या कमरेकडं गेले. किल्ली तिथंच होती. कुणीतरी मागं फुस्सकन हसलं आणि खोकल्यावर नेलं. एका पाहुणीनं दीपमालाकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"नाही, ते कुलूप मामंजींच्या—" दीपमाला बोलू लागली, आणि सासूच्या एका नजरेनं थांबली.

अजीजाबी सगळं बघत होती. आता हसली असती तर सगळं अंगण हसलं असतं. पंधरा दिवस जिनं तिला सगळ्या गावात खाली बघायला लावलं, ती बाई स्वतःच्या तोंडानं पडली होती. अजीजाबीनं नुसतं "बघा, अक्का" म्हणायचा अवकाश होता. ती म्हणाली नाही.

"कुलूप घरोघर असतंय," ती मोठ्यानं म्हणाली, पाहुण्यांकडं वळून. "माझ्या तर पेटीला बी हाय. त्यात बघण्यासारखं काय? पुढं बघा." मग राजेश्वरीबाईंकडं. "अक्का, पस्तीस वर्षं मी या घरात येते. तुमचं बाळंतपण झालं तेव्हा बी आले, तुमची सासू अंथरुणाला होती तेव्हा बी. काय काय बघितलं, तुमाला म्हाईत, मला म्हाईत. या बायांत विचारा. यातली एक जरी म्हणाली की अजीजाबीनं मला आडतवाल्यांच्या घरचं अमुक सांगितलं, तर ही पेटी इथंच फोडते."

'काय नवीन' विचारलेल्या सगळ्याच होत्या, उत्तर मिळालेली एकही नव्हती, उमाबाईसुद्धा नाही.

"पण टीव्ही तुमच्या घरचा न्हाय," अजीजाबी पुढं म्हणाली. "नलूमावशी तुमची कुणी न्हाय. तिच्यावर म्या हसणार. काल हसले, उद्या हसणार, बाजारात हसणार. ते बंद करायचं वचन मागाल तर मिळायचं न्हाय."

राजेश्वरीबाई काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि शिवलीला बाहेर आली. मुलगी आईसारखीच उंच. येऊन सरळ अजीजाबीपुढं मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढं केले.

"भरा," ती म्हणाली.

अजीजाबीनं हात हातात घेतले. थंडगार आणि लाकडासारखे ताठ. बँकेत दिवसभर नोटा मोजणारे हात. घरातलं भांडण, उद्याची हळद, परवा परकं घर. अजीजाबीनं पेटी न उघडता मान वर केली.

"अक्का, पेटी उघडू का?"

राजेश्वरीबाईंनी लेकीकडं बघितलं. "उघड."

हिरव्या बांगड्या निघाल्या. पहिली अंगठ्याच्या हाडाशी अडकली, जरा जोर दिला आणि तडकली. बायकांनी "अगं बाई" केलं. "वाढली," अजीजाबी लगेच म्हणाली. बांगडी फुटली असं चुड्याच्या वेळी कुणी म्हणत नाही. शिवलीलाच्या अंगठ्याशी रक्ताचा ठिपका आला.

"मावशी, तुम्ही ते करा ना," शिवलीला हळू म्हणाली. "नलूमावशी. किल्लीवालं. मी तो भाग बघितलाच नाही, बँकेत ऑडिट होतं."

अजीजाबीनं नवरीचा हात तसाच धरून ठेवला आणि राजेश्वरीबाईंना विचारलं, आता आवाज खाली, फक्त कामापुरता.

"अक्का, तुमीच सांगा. म्या आत्ता केलं न्हाय तर या बाया काय समजतील? अजीजाबी गप बसली म्हणजे ती बाई टीव्हीतली नव्हंच. केलं तर समजंल, की व्हय, टीव्हीतलीच. करू का गप बसू?"

राजेश्वरीबाई हुशार बाई. आडतीचे हिशेब शिवप्पांपेक्षा त्यांनाच जास्त कळतात, असं व्यापारी म्हणतात. एवढं कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. पण कळणं आणि गिळणं यात अंतर असतं. त्या तिथंच उभ्या राहिल्या, ओसरीच्या खांबाला हात लावून.

"कर," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते कर."

मग अजीजाबीनं केलं. बसूनच, कारण हात सोडायचा नव्हता. नलूमावशीचा किनरा आवाज, केतकीचं खोटं रडणं, कणकेत किल्ली पडताना 'टुप्प'. गंगम्मा न राहवून वॉचमन झाली, आणि पेठेकडच्या लाईनीवरच्या एका शेजारणीला शेवट माहीत नव्हता, ती म्हणाली, "मग? मग किल्ली कुठं गेली?" तर तीन बायका एकदम ओरडल्या, "सांगू नका, सांगू नका, हौशीनं ऐकू द्या!" खंडागळ्याचा दात वाजला तेव्हा शिवलीला मागं रेलून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ती सरळ होऊन बसेपर्यंत चार बांगड्या तिच्या मनगटावर होत्या. तिला कळलंही नाही. मग दुसरा हात. "लिफ्टची किल्ली सापडली!" अजीजाबी ओरडली, आणि तीस बायका ओरडल्या, आणि रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून मांडवात डोकावला.

राजेश्वरीबाई हसल्या नाहीत. खांबापाशीच उभ्या होत्या. शेवटी खंडागळे जिने चढून-उतरून थकतो, तिथं त्यांनी एकदा तोंड फिरवलं. कशासाठी, ते कुणाला दिसलं नाही.

चुडा पुरा झाला. शिवलीला अजीजाबीच्या पाया पडली. अजीजाबीनं तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "हसत ऱ्हा. सासरी फ्रीज असंल नसंल, हसत ऱ्हा." मग पेटी बंद केली आणि बसून राहिली. आता खण-नारळ.

राजेश्वरीबाई आत गेल्या. थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर आली गंगम्मा. हिरवा खण, नारळ, तांदूळ. तिनं नजर चुकवून ताट पुढं केलं.

"तुझ्या लेकीचं लगीन हाय का?" अजीजाबीनं विचारलं.

"अजीजा, घे ना गं. दिलं तर खरं."

"मान ज्याचा त्याच्या हातानं." तिनं ताट घेतलं आणि ओसरीवर, भिंतीतल्या कोनाड्यात नीट ठेवलं. रागानं नाही, नारळ नीट बसलाय ना हेही बघितलं. "हितं ऱ्हाऊ दे. अक्कांना सवड झाली की देतील." आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात, "मला घाई न्हाय."

पेटी डोक्यावर घेऊन ती निघाली. शब्बीरभाईंनी घरी विचारलं, काय झालं. "चुडा झाला," ती म्हणाली. एवढंच. नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी उमाबाईंच्या घरून त्यांना सगळं कळलं, तो भाग वेगळा.

लग्न थाटात पार पडलं. त्यानंतरच्या बाजारी सतरंजी अंथरायच्या आत बायका येऊन बसल्या. मागं राहिलेल्या, सुजलेल्या हाताच्या, सगळ्या. इतक्या की पायरीवरही जागा उरली नाही. एकीलाही बांगड्या नको होत्या.

"अजीजाबी, खरं का गं? स्वतःच म्हणाल्या म्हणं, माझं फ्रीज?"

"आन् सगळ्यांनी कमरंकडं बघितलं म्हणं?"

"सुनेला दूध सुदिक देत न्हाईत का गं? दीपमाला वाळलीयच जरा."

"सांग की! तू तर तिथंच होतीस."

अजीजाबीनं पेटीचं कुलूप काढलं. मुरुममध्ये त्या दिवशी यापेक्षा चवदार काही नव्हतं. तिची स्वतःची बाजू होती, तिचाच विजय होता, आणि सांगायला तिच्याइतकी तरबेज बाई तालुक्यात नव्हती. वर दीपमालाबद्दल जे चाललं होतं ते साफ खोटं, हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगितलं असतं तर शिवप्पांचे पेढे बाजारात आले असते.

"कुठलं फ्रीज?" ती म्हणाली.

"अगं आडतवाल्यांचं!"

"मला ठावं न्हाय. दीपमाला गेल्या आठवड्यात दोन-सहा मापाची बांगडी मागत होती, आधी दोन-चारची बसायची. वाळलेली बाई मोठी बांगडी मागत न्हाय, एवढं म्या धंद्यातलं सांगते. आता हात द्यायचा तिनं बसावं. निसती चौकशी करायची त्यांनी गुमान भाजी घ्यावी, वांगी चांगली आलीत."

दोघी-तिघी खरंच उठल्या, फणकाऱ्यानं. एक म्हणाली, "लई शहाणी." अजीजाबीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. जागा झाली तशी पायरीवरच्या पुढं सरकल्या.

"तर काल," ती म्हणाली, आणि गंगम्माचा हात ओढून मांडीवर घेतला, "नलूमावशीला तिसऱ्या मजल्यावर चक्कर आली. बसस्टँडकडच्यांनी पुढचं बघितलं असंल तर तोंड मिटून बसा."

बोलता बोलता तिला बायकांच्या डोक्यांमागं उमाबाई दिसल्या. पिशवीत शेपू, पाय घरच्या दिशेला, आणि मान इकडं वळलेली. अजीजाबी थांबली.

"उमाबाई, उभ्यानं ऐकू नका. उभ्यानं ऐकलं की अर्धंच कळतंय. बसा, न्हायतर जावा."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. उमाबाईंनी शेपू छातीशी धरला. एकदा आडतीकडं बघितलं, एकदा घराकडं. मग जिथं होत्या तिथंच, सतरंजीच्या कडेबाहेर, धुळीत उकिडव्या बसल्या.

"धुळीत न्हाय," अजीजाबी म्हणाली. "वर."